पेवातलं लोह

२ जानेवारी १९६३, बुधवार

ही डायरी अंबादासनं आणली. कळंबच्या तहसील कचेरीत तो कारकून आहे, तिथं मिळाली म्हणे. "आई, तू चुलीपुढं बसून स्वतःशीच बोलत असतेस. विठाबाई भिते. त्यापेक्षा यात लिही," म्हणाला. एकुलता एक मुलगा. थट्टा करतो तेव्हा अगदी लहानपणीसारखा दिसतो.

तर लिहिते. आज आमची मोलकरीण विठाबाई परसात हिरडा कुटता कुटता बोलून गेली, "वैद्याच्या घरची सून, अन् रंग बघावं तर यात्रेतल्या चुनखडीवानी!" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण हे ओसरीवर होते. त्यांनी ऐकलं आणि न जेवता उठले.

त्यांचंही खरं आहे. येरमाळ्याच्या वैद्यांचं लोह म्हणजे बार्शीपासून तुळजापूरपर्यंत नाव. पांढरे पडलेले रोगी बैलगाडीत आडवे होऊन येतात नि पायी परत जातात, असं लोक सांगतात. आणि घरातच हे. कस्तुराला, म्हणजे आमच्या सुनेला, या घरात येऊन तीन वर्षं झाली. तेरच्या बाबूराव मास्तरांची लेक. आली तेव्हा दिवसभर काही ना काही गुणगुणत असायची. आता आडावरून एक घागर आणली की उंबऱ्यावर बसते. पापणी ओढून पाहिली तर आत लाल म्हणून काही नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

पहाटे येडेश्वरीच्या डोंगरावर जाऊन आले. करडी पुडी देवीच्या पायांशी ठेवून आणली आणि कस्तुराला मधातून चाटवली. लग्नानंतर वर्ष झालं तरी कूस उजवेना, म्हणून ती सुरू केली. तेव्हापासून शुक्रवार चुकलेला नाही. हे ती पुडी मागच्या पडवीत दार लावून करतात. शिसं, पारा आणि काय काय. मी विचारत नाही. धुरानं माझे डोळे चुरचुरतात, एवढंच मला ठाऊक. ही पुडी औषधात धरायची नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. औषध म्हटलं की ती माणसाची झाली. ही देवीची.

औषध वेगळं, ते आजपासून. बिरदेव लोहाराकडून जुन्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणवली. तिचा कीस गूळ, मध, त्रिफळा आणि धायटीच्या फुलांबरोबर रांजणात मुरतो आहे. ते लोहासव तयार होईपर्यंत भस्म, सकाळ-संध्याकाळ. शिवाय रोज लोखंडाची पळी लाल करून ताकात विझवायची आणि ते ताक प्यायचं. भाजी लोखंडी कढईतच.

"चैत्रातल्या यात्रेत आपण लोहासवाचं दुकान मांडायचं," हे म्हणाले. "बाटल्या, लेबलं, सगळं रीतसर. आणि सून दुकानात बसेल. तिच्या गालांकडं बघूनच लोक घेतील."

कस्तुरा हसली. "मामंजी, मी बसेन की. पण मला ओरडून माल विकता यायचा नाही."

"तू गप बसायचं. गाल बोलतील."

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

हळदीकुंकवाला बायका आल्या. कस्तुरा तिळगूळ देताना हसली तेव्हा कुलकर्णीण वहिनींनी तिच्या तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं. "अगं बाई, ही मिश्री लावते की काय? हिरड्यांवर केवढी काळी रेघ!"

सगळ्यांसमोर! मी नंतर तिला माजघरात नेऊन पाहिलं. खरंच होती. दातांच्या मुळाशी निळसर काळी, बारीक. तिनं देवीची शपथ घेतली, मिश्री कधी शिवली नाही म्हणाली. मी म्हटलं, देवीची शपथ खोट्यासाठी घेऊ नये. रात्री तिला जेवण दिलं नाही. मला फार वाईट वाटलं. मीही अर्धीच भाकरी खाल्ली.

२८ जानेवारी, सोमवार

बाबूराव मास्तर तेरहून मोटारीनं आले. लेकीला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "विहीणबाई, पोरीनं अंग धरलं हो! तोंड बघा कसं गोल गरगरीत झालंय. पायात जोडवी घट्ट झालीत!"

मलाही समाधान वाटलं. गेले आठ दिवस सकाळी तिचा चेहरा अगदी भरलेला दिसतो, डोळे नुसत्या चिरा. पावलांवर बोट दाबलं तर खळगा राहतो, इतकं मऊ मांस चढलंय. हे म्हणाले, आधी मांस धरतं, मग रक्त.

मास्तर चार दिवस माहेरी नेतो म्हणाले. हे म्हणाले, "यात्रेनंतर न्या. आत्ता औषधात खंड नको." मास्तर वैद्याशी वाद कसा घालणार? जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नशीबवान आहेस. दुसऱ्या कुणाला घरात वैद्य मिळतो का?"

ती मोटारीच्या धुळीकडं बघत उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा आत आली.

९ फेब्रुवारी, शनिवार

रांजणाचं तोंड फोडलं. आसव छान मुरलंय. पण पापणी तशीच. पांढरी. नखंही पांढरी, मधे खोलगट, चमच्यासारखी झालेली. हे दिवसातून तीनदा तिचा हात हातात घेऊन नखं बघतात नि तोंड फिरवतात. आज म्हणाले, "माझं लोह दगडात घातलं असतं तर दगड लाल झाला असता. ही घेत नाही. कुठंतरी ओतून देते."

मी म्हटलं, माझ्यासमोर गिळते.

"मग बाहेर जाऊन काढत असेल. खात्री करून घे."

खात्री कशी करायची ते त्यांनीच सांगितलं. लोह पोटात गेलं असेल तर मळ काळा पडतो. लिहायलाही लाज वाटते. आज ती तांब्या घेऊन परसाकडे निघाली तशी मी मागून गेले. तिला वाटलं, मी सोबतीला आले. "आत्या, तुम्ही कशाला? मी जाते की." मी म्हटलं, जा, मी इथंच आहे. ती उठून गेल्यावर मी बघितलं. काळंकुट्ट, डांबरासारखं.

म्हणजे पोर खोटं बोलत नव्हती. मला इतका आनंद झाला की वाटेत तिचा खांदा थोपटला. तिनं खांदा काढून घेतला. बघताना तिनं मला बघितलं असावं.

१० फेब्रुवारी, रविवार

यांना आनंद झाला नाही. "आत जातं नि रक्त होत नाही, म्हणजे दोष तिच्यात," म्हणाले. मात्रा दुप्पट.

ती दोन घास खाते नि ओकते. "आत्या, पाण्याला बी लोखंडाची चव येती," म्हणते. मी म्हटलं, ती चव बरी. याचा अर्थ औषध लागू पडतंय.

२४ फेब्रुवारी, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. मनात एक चोरी होती, म्हणून.

हे बाटल्यांसाठी सोलापूरला गेले ते तिथं वैद्यमंडळींत अडकले, पंधरवडाभर. त्यांच्या माघारी दोन शुक्रवार करडी पुडी झाली नाही, कारण पडवीला कुलूप. आणि लोह मी बंद केलं. ओकून ओकून तिच्या घशातून रक्त आलं, ते मला बघवेना. विझवलेलं ताक नाही, आसव नाही, काही नाही. नुसती ज्वारीची पेज. त्याऐवजी मी देवीला नवस बोलले आणि स्वतः मीठ सोडलं.

आणि काय सांगू! चार-सहा दिवसांत पोर उठून बसली. एक दिवस विठाबाईबरोबर हसत होती. विठाबाई म्हणाली, "लई दिसानं दात दिसलं गं बाई तुझं." कस्तुरा म्हणाली, "अन् काळी रेघ?" दोघी पदरात तोंड घालून हसल्या. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, हा आवाज या घरातून गेला होता, हे आपल्याला कळलंही नव्हतं.

नवस फळला. देवीचं ऐकणं आहे. पण त्यांच्या आज्ञेवाचून औषध बंद केलं, हे पाप माझं. उद्या हे येतील. ते यायच्या आधी पुन्हा सुरू करते. देवीनं हात दिलाय, तेव्हाच औषधाचा नेट लावला पाहिजे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

लोह सुरू. कस्तुरानं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आत्या, राहू द्या ना. मामंजींना सांगू नका. मी काय बी काम करीन." मी तिचं नाक दाबलं, तान्ह्या बाळाचं दाबतात तसं. आईलाच हे करावं लागतं. माझी लेक शारदा जगती तर आज हिच्याच वयाची असती.

४ मार्च, सोमवार

काल आडावर चक्कर येऊन पडली. घागर फुटली, कपाळाला खोक. अंबादास घरी होता. तो कधी नव्हे ते वडिलांपुढं बोलला, "मी उद्या तिला धाराशिवला दाखवणार." हे म्हणाले, "दाखव. मोठ्या डॉक्टरलाही कळू दे, येरमाळ्याला काय औषध असतं ते."

आज मोटारीनं गेलो. जिल्ह्याच्या दवाखान्यात सिद्धलिंग डॉक्टर म्हणून आहेत, हैदराबादला शिकलेले, तरुण. त्यांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवली. अंड्यातला पांढरा बलक शिजावा तशी ती गोठली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "अम्मा, हिची मूत्रपिंडं खराब झालीत. आजची न्हाईत, लई दिवसांची."

मी म्हटलं, तिला रक्त नाही, तेवढं बघा.

"तेच सांगतोय. रक्त त्याच्यामुळं न्हाई. तुम्ही लोह देता ना?"

"भरपूर," मी म्हटलं.

"इथंच गडबड आहे." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तुमच्याकडं पेव असेल ना? ज्वारीचं?"

"आहे. दारातच, जमिनीखाली."

"समजा पेव भरलेलं आहे, पण तोंडावर माती दाबलेली. घरात मात्र उपास. हिच्या अंगात तसं झालंय. मूत्रपिंडं बिघडली की रक्त करायचा हुकूम हाडांपर्यंत पोचत न्हाई. आणि यकृतात, प्लीहेत जे लोह साठलेलं असतं ते तिथंच अडकून पडतं, बाहेर येत न्हाई. तोंडावाटे द्याल ते बरंचसं आतडं घेतच न्हाई, पोटाला मात्र जाळतं. सुईनं घालाल तर पेवात आणखी भर. हे अजून नवीन आहे, आम्हालाबी पुरतं उमगलेलं न्हाई. पण लोह बंद करा. बिलकुल बंद."

मग त्यांनी तिचा ओठ बोटानं खाली ओढला. ती रेघ पाहिली आणि माझ्याकडं वळले. "घरात आणखी काही देता? पाऱ्याची, शिशाची एखादी पुडी? नीट आठवून सांगा. असलं काही असेल तर मूत्रपिंडं त्यानंच गेली, आणि ते आजच्या आज थांबलं पाहिजे."

मी नीट आठवलं. म्हटलं, "नाही. लोहाशिवाय औषध म्हणून काहीसुद्धा देत नाही."

कस्तुरानं एकदम मान वर केली. काहीतरी बोलणार होती. मी तिचा हात धरला. सासू बोलल्यावर मधे बोलायचं नसतं, हे तिला कळतं. तिनं मान खाली घातली. गुणाची आहे.

बाहेर अंबादासनं मला विचारलं, "आई, शुक्रवारचं...?" मी म्हटलं, ते औषध आहे का? तो म्हणाला, "नाही म्हणा." मग आम्ही तिघांनी मोटार स्टँडवर चहा घेतला.

सोलापूरला नेऊन रक्त चढवा, असंही डॉक्टरांनी सांगितलंय. थोडे दिवस बरं वाटेल म्हणाले.

५ मार्च, मंगळवार

मी भीत भीत सगळं सांगितलं. मला वाटलं, हे चिडतील. यांचा चेहरा उजळला! मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. "काय म्हणाला? पेव भरलेलं आहे? अंगात लोह साठलेलं आहे?"

"हो. पण ते बाहेर..."

"म्हणजे माझं लोह पोचलं! जिल्ह्याचा डॉक्टर कबूल करतो!" मांडीवर थाप मारून म्हणाले. "अर्धं काम झालं. आता फक्त तोंडावरची माती काढायची. पेवाचं तोंड कशानं उघडतं? खोरं मारल्यानं. तिला कामाला लाव. अंगातून घाम निघाला की रक्त मोकळं होईल."

"आणि बंद करा म्हणाले ते?"

"पेव उघडायच्या वक्ताला भरणं बंद करायला सांगणारा शेतकरी तू पाहिलास का?"

सोलापूरचं मी काढलंच नाही. दुसऱ्याचं रक्त घातलं तर लाली कुणाची म्हणायची, हे ते विचारणारच होते.

१२ मार्च, मंगळवार

विठाबाईला सध्या सुट्टी. यात्रेसाठी लागणारा सगळा हिरडा, बेहडा, आवळा कस्तुरा कुटते. लोखंडी खल, लोखंडी बत्ता. दहा-बारा घाव घातले की छातीला हात लावून बसते. श्वास लागतो. मी जवळ बसून पदरानं वारा घालते आणि म्हणते, अजून थोडं, बाळ, अजून थोडं. घाम मात्र येत नाही. अंग कोरडं, सारखं खाजवते. दंडावर ओरखडेच ओरखडे.

विठाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहते नि म्हणते, "बाई, तुमच्या हातचं कुत्रं बी इतकं पळवू नगा." तिला मी चांगलं झाडलं. ज्याच्या घरचं त्याला दुखणं कळतं.

१९ मार्च, मंगळवार

आज दारातलं खरंच पेव उघडलं. माती काढून शिळा सरकवली की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली हवा माणूस मारते. आधी दोरीला कंदील बांधून सोडतात. कंदील अर्ध्यावर जाऊन विझला. गड्यांनी पेव दिवसभर उघडं टाकलं.

कस्तुरा खल बाजूला ठेवून काठावर आली होती. वाकून बघत म्हणाली, "आत्या, आतल्या दाण्याला बी गुदमरत असेल का हो?" मी म्हटलं, वेडी आहेस.

थोड्या वेळानं बघते तर तोंड हलतंय. चुनखडी चघळत होती. गेल्या यात्रेत देवीसाठी आम्ही सगळ्यांनी चुन्याच्या रानातून वेचून आणली होती, तिच्यातली देवळीत उरलेली. देवीची चुनखडी! मी तिच्या तोंडात बोटं घालून काढली. म्हणाली, "तेवढ्यानंच मळमळ राहती, आत्या. तेवढंच गोड लागतं." देवळीला कुलूप लावलं. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यादेखत रडली. गाल ओला झाला तरी लाल झाला नाही.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी करडी पुडी दिली. दुपारी कळंबच्या एका अडत्याची बायको, वनमालाबाई, भाचीला घेऊन आल्या. भाचीचं नाव चारुशीला. सतरा-अठराची, हसरी, गाल डाळिंबाच्या दाण्यासारखे. वनमालाबाईंना गुडघ्याचं औषध हवं होतं. यांनी भाचीचाही हात हातात घेतला, नखं पाहिली, पापणी ओढून पाहिली, आणि "उत्तम" म्हणाले. वैद्याची सवय. मुलगी लाजली.

कस्तुरानं चहा आणला. कप बशीवर थडथडत होता. वनमालाबाई तिच्याकडं बघत राहिल्या, मग यांच्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "किती दिवस हो?" हे म्हणाले, "यात्रा होऊ द्या." त्या औषधाचंच विचारत असणार.

चारुशीलेला मी चोळखण देऊन ओटी भरली. हेच म्हणाले, रिकाम्या हाती पाठवू नकोस.

कस्तुरानं आतून पाहिलं होतं. रात्री पाय चेपताना म्हणाली, "आत्या, मुलगी चांगली आहे." मी म्हटलं, हो, गोड आहे. ती चेपत राहिली. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

८ एप्रिल, सोमवार. यात्रा.

एवढी माणसं! आमराईच्या वाटेवर आमचं दुकान. लेबलं सुरेख झालीत, लाल शाईची. वर फळा: 'अंगात लोह भरपूर असल्याची जिल्ह्याच्या डॉक्टरांची ग्वाही.'

पहाटे मी कस्तुराला न्हाऊ घातलं. तिला उभं राहवत नव्हतं, विठाबाईनं धरलं. हिरवं लुगडं, नथ, गजरा. पण तोंड तसंच, सुजलेलं, मेणासारखं. हे दारातून बघून म्हणाले, "असं चालणार नाही." मग मीच देवीचं कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि तिच्या गालांवर हळूहळू चोळलं. ओठांवरही एक बोट. आरशात दाखवलं. तीन वर्षांपूर्वीची कस्तुरा! मला रडू फुटलं. तिनं आरशात बराच वेळ पाहिलं नि म्हणाली, "आत्या, हिला घरी पाठवा तेरला."

दुकानात भिंतीला टेकून बसवली. गर्दी लोटली. "अगं बघ, वैद्याची सून, काय लाली हाय!" "हीच का ती चुनखडी?" "आता बघ की, पेरूवानी झालीया." एक म्हातारी कौतुकानं तिचा गाल कुरवाळायला लागली तेव्हा मात्र माझा जीव गेला. म्हातारीनं लाल झालेली बोटं बघितली, कपाळाला लावली. तिला वाटलं, देवीचं कुंकू मिळालं.

दुपारपर्यंत बाटल्या संपल्या. पालखी समोरून गेली तेव्हा सगळे चुनखडी वेचायला रानात पळाले. कस्तुराही उठायला गेली. दोन पावलं टाकून पडली. पडल्या पडल्या तिनं मुठीत काहीतरी धरलं होतं. मुठीत एक पांढरा खडा. तो मी तिला राहू दिला.

११ एप्रिल, गुरुवार

झोपून आहे. दोन दिवस लघवीला उठली नाही. श्वास मोठा मोठा, भात्यासारखा. कपाळावर, गालांवर मिठासारखी बारीक पांढरी भुकटी येते. मला वाटलं, चुनखडीची धूळ. ओल्या फडक्यानं पुसली. तासाभरानं पुन्हा.

बाबूराव मास्तरांना निरोप धाडावा का, असं अंबादासनं विचारलं. हे म्हणाले, "उद्या बघू." अंबादास ओसरीवर जाऊन बसला. माझ्या मनात आलं, डॉक्टर म्हणाले ते सगळं... पण माणसानं दुखण्यात शंका धरली की औषध हात आखडतं. आज पूर्ण मात्रा दिली. अर्धी बाहेर आली.

१२ एप्रिल, शुक्रवार

पहाटे डोंगरावर जाऊन पुडी आणली. परत येईस्तोवर तिचं बोलणं गेलं होतं. जिभेवर ठेवली, ती तिथंच राहिली. दुपारी मी गंगाजळ पाजायला गेले तर तिनं दात मिटून तोंड फिरवलं. पाण्यालाही लोखंडाची चव येते म्हणायची. शेवटचं पाणी असं नाकारू नये कुणी. मला ते फार लागलं.

दिवेलागणीला गेली.

हे नाडी सोडून म्हणाले, "अंगात लोह होतं. पेव उघडलं नाही. तिचं कर्म."

मास्तर उशिरा पोचले. त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि मला विचारलं, "विहीणबाई, गाल लाल कसे?" यात्रेचं कुंकू पुरतं निघालं नव्हतं. मी म्हटलं, सवाष्ण गेली, देवीनं कुंकू भरलं. त्यांनी मला हात जोडले.

२ मे, गुरुवार

घरात आवाज नाही. खल तिथंच आहे, बत्त्याला तिच्या बोटांचे डाग आहेत असं मला उगीच वाटतं. देवळीचं कुलूप काढलं. आत चुनखडीचे दोन खडे. एक तोंडात घालून बघितला. गोड नाही, काही नाही. माती.

लोहासवाला मागणी फार आहे. दुसरा रांजण लावला.

२१ जून, शुक्रवार

काल अंबादासचं लग्न झालं. साधंच, डोंगरावर देवीपुढं. चारुशीला घरात आली. अंबादास मान वर करत नाही, पण होईल सवय. ती मात्र अशी हसते की विठाबाईसुद्धा म्हणाली, "घरात दिवा आला."

चूक एकदाच करावी. कस्तुराला आम्ही फार उशिरा लोह सुरू केलं, तोवर पेवाचं तोंड मिटलं होतं. या वेळी पहिल्या दिवसापासून. आज सकाळीच लाल पळी ताकात विझवून दिली. तिनं नाक मुरडून पिऊन टाकलं नि "हे रोज का हो, आत्या?" म्हणून हसली.

आणि कूसही वर्षभर वाट बघत ठेवायची नाही, असं हे म्हणाले. पहाटे मी डोंगर चढून पुडी पायांशी ठेवून आणली. मधात कालवली.

"हे कसलं औषध?" तिनं विचारलं.

"औषध नाही, बाळ. देवीचं आहे."

तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि जीभ पुढं केली. लालबुंद जीभ. किती दिवसांनी पाहिली. माझे डोळे भरून आले.